तीन ॲपं आणि गहिनीनाथ

शनिवारी आडत बंद झाली की
सोयाबीनची धूळ झटकून मी फोन काढतो.
उद्या कपिलधार. पहाटे साडेपाचला निघायचं.
लातूर, मुरूड, कळंब, केज,
मग मांजरसुंब्याकडं.
जायचं एकीकडंच,
सांगणारे तीन.

पहिलं फोनसोबतच आलेलं. त्याला सदा घाई.
सात मिनिटं वाचतात म्हणून
मला मोठ्या हायवेवर लोटतं,
जिथं ट्रकच्या वाऱ्यानं माझी एकशे पंचवीसची गाडी
वाळत घातलेल्या धोतरासारखी फडफडते.
आणि गावांची नावं अशी घेतं
जशी बदलून आलेल्या मास्तरानं
पहिल्या दिवशी हजेरी घ्यावी.

दुसरं खास मोटारसायकलवाल्यांचं.
वळणं शोधून देतं, पहिला आठवडा फुकट.
मी विचारलं, लातूरपासून वळणावळणाचा रस्ता?
बराच वेळ चक्र फिरत राहिलं.
आमच्याकडं रस्ता म्हणजे काळ्या रानावर मारलेली रेघ.
वाकलाच, तर कुणाचा तरी बांध आडवा आला म्हणून.
शेवटी बिचाऱ्यानं घाटातली तेवढी काढून दिली,
वर खाली लिहिलं: याहून जास्त हवी असल्यास
शोधाची कक्षा वाढवा.

तिसरं रेंजशिवाय चालतं.
एकदा उतरवून घेतलं की लोणच्याच्या बरणीसारखं,
वर्षभर बघायला नको.
नकाशा मात्र कुठल्या काळातल्या कागदावरून उचललाय
कोण जाणे.

फोनची मेमरी भरली होती. एक काढा, म्हणत होता.
म्हटलं, उद्या तिघांनाही चालवून बघू.

मागच्या सीटवर गहिनीनाथ.
वीस वर्षं दुधाचा टेम्पो हाकला त्यानं,
आता डोळ्यावर पडदा आलाय,
तरी वास घेऊन सांगतो, साखर कारखाना आला म्हणून.
वाट चुकलो की ॲप म्हणतं, पुन्हा मार्ग शोधत आहे.
ना राग, ना टोमणा.
गहिनीनाथ म्हणतो, मी म्हणलो होतो.
मग सोलापूरला जाताना मी कसा चुकलो होतो ते काढतो,
माझ्या लग्नाच्या आधीचं.

कळंब सोडलं आणि पहिल्याची रेंज गेली.
दुसरं वळण नाही म्हणून गप्प.
तिसरं बोललं: दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.
वळलो.
डांबर संपलं, खडी संपली, बाभळी सुरू झाल्या,
मग पुन्हा थोडं डांबर, जुनं, भेगाळलेलं,
आणि पुढं रस्ता
म्हशीसारखा सावकाश पाण्यात उतरला होता.

धरणाचं पाणी. पार पलीकडच्या टेकडीपर्यंत.
सरळ जा, ॲप म्हणालं, एक किलोमीटर.

मी ब्रेक दाबून मागच्या टोमण्याची वाट बघत राहिलो.
आला नाही.
गहिनीनाथ उतरला. फोन मागितला,
पार नाकाशी धरला.
पडद्यावर पाणी नव्हतंच.
रस्ता होता, ओढा होता, शाळेची खूण होती,
आणि बारीक अक्षरात: चिंचखेड.

आत्याचं गाव, तो म्हणाला.
उठवलं तवा मी चौथीत होतो.
दोन बोटांनी त्यानं गाव मोठं केलं,
अजून मोठं, अक्षरं पसरेपर्यंत.
मारुतीच्या मागं बोळ होता, त्यो न्हाई दाखवत.
बाकी बरोबर हाय.

धपाटे तिथंच सोडले, काठावर.
दर दोन मिनिटांनी ॲपचं चालूच, सरळ जा.
मी आवाज बंद करायला हात घातला.
राहू दे, तो म्हणाला. म्हणू दे की.

कपिलधारला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं,
तेही एका शेरडंवाल्याला विचारत विचारत.

रात्री वळणांचं काढून टाकलं,
तसेही पैसे लागणार होते सोमवारपासून.
तिसऱ्याचा मेसेज आलेला:
नवा नकाशा उपलब्ध आहे. जुना बदलायचा का?
खाली दोनच बटणं.
मी नंतर दाबलं.
दर रविवारी विचारतं.
दर रविवारी, नंतर.