आरसा वर जातो तेव्हा

हलगेकरांच्या भरमानं लग्नं सोडली नाहीत,
फक्त कॅमेरा बदलला.
जुना मला दिला, चौदा हजारांत,
दोन बॅटऱ्या, त्यातली एक फुगलेली,
आणि पन्नास मिलिमीटरची ती स्वस्त लेन्स.
"एकसष्ट हजार वेळा उघडलाय पडदा," म्हणाला,
"अजून तेवढाच चालंल. घे की."

अंगठ्याखालचं रबर सैल झालंय.
त्याच्या खाचेत हळद,
कुणाची, कुठल्या मांडवातली,
मुतग्याची, सांबऱ्याची, का सुळग्याची,
काडीनं कोरूनही निघाली नाही.
राहू दे म्हटलं.

मी उद्यमबागेतला टर्नर.
दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि मायक्रोमीटर,
शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं की माल परत.
त्यामुळं सेकंदाचा चार हजारावा भाग
ऐकून मला काही वाटलं नाही.

सहा महिने हात बसवला.
राजहंसगडावरून सगळेच काढतात तो सूर्यास्त,
येळ्ळूरच्या बासमतीत ओणवी पाठ,
एका दुकानाची पाटी, दोन लिप्यांतली,
एक ओळ ताजी, एकीवर डांबर.
कुठली कुठली ते सांगत नाही,
माझा फोकस मधल्या खिळ्यावर होता.

मग एकदा कळलं.
आत एक आरसा असतो, दोन बोटांएवढा, तिरका,
बाहेरचं सगळं तोच वर पाठवतो, माझ्या डोळ्यात.
बटण दाबलं की तो अंग उचलतो,
उजेडाला वाट देतो,
आणि तेवढा वेळ मला काळोख.
खट्, आणि परत जागेवर.
म्हणजे ज्या क्षणाचा फोटो आला
नेमका तोच मी पाहिलेला नाही.
एकदाही नाही.
हे भरमानं सांगितलं नव्हतं.

वडगावात फकीरव्वाचा खड्डामाग अजून चालतो.
शेजारच्या खोलीत पॉवरलूम, घरभर धडधड,
कौलांत एकच काचेचं कौल,
त्यातून उतरलेला उजेड तिच्या मनगटापर्यंत.
आईची आणि तिची ओळख चाळीस वर्षांची.
आई मराठीत बोलते, ती कानडीत उत्तर देते,
मधे दुभाषी नाही,
उधारी मात्र कधी चुकली नाही.

मी गुडघ्यावर बसलो. छिद्र दोन पूर्णांक आठ.
ती कॅमेऱ्याकडं बघायची ती आधारकार्डासारखी.
मला येतं तेवढ्या कानडीत म्हटलं,
"अव्वा, स्वल्प नगु."
थोडं हस.

मागून आई,
"नगो म्हणतोय तर नगो!
ऊठ गं, मी चहा टाकतो."

चाळीस वर्षं इथं काढलेल्या बाईला
नगु आणि नगो यातला फरक कळत नाही?
मुद्दाम, की खरंच,
अजून विचारलेलं नाही.
पण फकीरव्वाच्या हातातला धोटा थांबला
आणि तिच्या पोटातून काहीतरी वर आलं,
गळ्यापर्यंत, ओठांपर्यंत,
आणि मी दाबलं,
आणि आरसा वर गेला.

पडद्यावर बघितलं.
फोकस धाग्यांवर. एकेक ताणा मोजून घ्यावा.
चेहरा हललेला, दात म्हणजे पांढरी रेघ,
डाव्या कोपऱ्यात आईचं कोपर.
कारखान्यात हा माल परत आला असता.
भरमानं नंतर पाहिला आणि म्हणाला, "काढून टाक."
टाकतो म्हणालो.

फकीरव्वानं चष्म्याशिवाय डोळे बारीक केले,
पडद्यावर बोट फिरवलं, जरीचा पोत बघावा तसं.
"हेंग बंदद?" कसा आलाय?
तिला दिसेना,
आणि मला दिसलं नव्हतं.
त्या हसण्याला त्या खोलीत साक्षीदार एकच,
ती कपबशा शोधत होती.

"चलो ऐति," म्हणालो. चांगला आहे.
आईनं तेवढं चलो ऐकलं,
पिशवी उचलली,
आणि चहा न घेताच दारात जाऊन उभी राहिली.