दोन दांड्या

उल्व्हरस्टनमध्ये मार्चात ऊन पडलं
तर ते झोपेत घालवायचं नसतं.
रात्रपाळीहून आले, बूटही काढले नाहीत,
खोकं उघडलं:
दोन दांड्या, चार पाय, चार रबरी तळवे
आणि एक पुस्तिका, जिच्यात शब्दच नाहीत,
नुसता एक टकलू हसरा माणूस
आणि बाण.

विश्राम चहाचा मग घेऊन दारात.
"कपडे वाळत घालणार यावर?"
टेप धर, म्हटलं.

टपावरची सीगलची घाण आधी पुसली.
काचेच्या कडेपासून एकतीस,
तिथून मागे सत्तर.
डावीकडे एकतीस. उजवीकडे साडेएकतीस.
"अर्ध्या सेंटीमीटरनं काय बिघडतंय?"
मापात पाप नको,
म्हणून सगळं सैल करून पुन्हा पहिल्यापासून.

ऋत्विजनं कॅनू घेतलीय, ब्रिस्टलला.
ईस्टरला येतो, म्हणाला, ट्रेननं,
ती मागून व्हॅननं येईल,
मग कॉनिस्टनवर नेऊ. तू पुढे बस.
मला पोहता येत नाही
हे त्याला आठवलं नाही, की आठवूनच म्हणाला,
कोण जाणे.

कुंपणापलीकडून नॉर्मन पोसलथवेट
बराच वेळ बघत होते.
चाळीस वर्षं बॅरोच्या गोदीत
पाणबुड्यांचे बोल्ट आवळलेला माणूस.
आत गेले, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला
टॉर्कचा पाना घेऊन आले
आणि माझ्या हातात दिला.
स्वतः का लावला नाही, ते
मग धरताना त्यांचा अंगठा बघून कळलं.
फिजिओला नको तेव्हाही कळतं.

"सहावर ठेव. टक् झालं की थांब."
आणखी थोडं?
"नाही. टक् म्हणजे टक्."

दिवसभर वॉर्डात मी तेच तर म्हणते,
आणखी थोडं, अजून एकदा,
गुडघा वाकवा, जमेल, जमतंय.
इथे चार बोल्ट, चार टक्,
आणि माझं मनगट
प्रत्येक वेळी थोडं पुढे जायला बघत होतं.

ईस्टरला ऋत्विजनं दांडी मारली.
काम आलं म्हणाला. असेल.
मी विचारलं, मग मे मध्ये?
मग जून?
फोनवर पाना नसतो.

रिकाम्या दांड्या पन्नासच्या पुढे शीळ घालायच्या,
बॅरोच्या रस्त्यावर, जाताना एका सुरात,
येताना वारा फिरला की दुसऱ्या.
विश्राम म्हणे, काढून टाक, पेट्रोल खातात.
काढते, म्हणायचे.

जूनमध्ये नॉर्मननी घर विकलं.
मुलीकडे, व्हाइटहेवनला, जायचं ठरलं.
कपाटं वगैरे कुणीतरी नेली,
पण गॅरेजमधली ओकची फळी,
जिच्यावर आयुष्यभर व्हाइस बसवलेला,
ती ट्रकवाल्याच्या हाती द्यायची नव्हती.
आम्ही दोघांनी उचलली, ते पुढून "सावकाश" म्हणत.
खाली जुनी गोधडी, दोन पट्टे, वर गाठ.
त्यांनी पट्टा बोटानं छेडला,
कान देऊन ऐकला,
मान हलवली.

चाळीसनं गेलो. शीळ नव्हती.
सगळा रस्ता ते खिडकीबाहेर हात काढून
पट्टा धरून बसले होते.

गरज नव्हती.
मी काही बोलले नाही.