दुहेरी दोरा

एर्झुरुमला रात्री साडेनऊला
दंत विभागाच्या तळघरात दोघंच जागे असतात,
टिकटिकणारा हीटर आणि मी.

चारशे बारा माणसं.
प्रत्येकाचे खालचे, पुढचे चार दात.
नावं खोडलेली. उरलंय वय, स्त्री की पुरुष, आणि एक आकडा.
जबड्याच्या आडव्या चकत्या करत मी खाली उतरते,
काकडी चिरावी इतक्या सहज,
माऊसच्या चाकाच्या एका खटक्याला पाव मिलिमीटर.

वरून पाहिलं तर मूळ म्हणजे भोपळ्याची चपटी बी,
मधोमध एक काळी चीर.
खटका. खटका.
चीर कमरेत आवळते
आणि कधी कधी तिचे दोन ठिपके होतात,
एक ओठाकडे, एक जिभेकडे.
टोकाच्या जरा अलीकडे परत एकच,
जणू वेगळं निघायचं ठरवलं
आणि अंगणातूनच माघारी फिरले.

साध्या एक्स-रेत हे दिसत नाही.
तो समोरून बघतो,
आणि समोरून मागचा कालवा पुढच्याच्या आड जातो,
वर्गाच्या फोटोत उंच पोरामागे
हरवलेल्या पोरासारखा.
हजेरीत आहे. फोटोत नाही.

नियम असा की सगळं एकदा मोजायचं,
पंधरा दिवस थांबायचं,
मग आधीचं उत्तर न बघता पुन्हा मोजायचं.
वरच्या मजल्यावर नेवझात होजा तेच मोजतायत.
आमचं दोघांचं किती जुळतं, त्याचा आकडा निघतो.
माझं माझ्याशी किती, त्याचाही.

दोनशे सत्त्याऐंशी. स्त्री, एकसष्ट.
डावीकडच्या मधल्या दाताच्या धारेला खाच.
ही खाच मला माहीत आहे.
चाळीस वर्षं दोरा दातांनी तोडला की पडते.

गुलिजार मावशी कात्री हाताशी असून दातच वापरायची.
जाड कापडाला दोरा दुहेरी घ्यावा, म्हणायची,
लांबून बघणाऱ्याला एकच वाटतो.
माझा पहिला पांढरा कोट तिनेच शिवला.
आणि चहा आमच्या गावच्या रीतीने,
साखरेचा टणक खडा पुढच्या दातांत धरून
कोरा चहा त्याच्यावरून आत ओढायचा.

मी चौथ्या वर्षाला. खुर्चीत ती.
एक तोंड सापडलं, एक कालवा;
धुतला, घासला, भरला.
एक्स-रेत पांढरी रेघ थेट टोकापर्यंत.
होजांनी मान डोलावली.
त्या रेघेचा फोटो मी फोनवर ठेवला होता.

महिन्याने म्हणाली, आत अजून काहीतरी आहे गं.
मी फोटो दाखवला. हे बघ, भरलाय.
तिने दाताच्या कण्या केल्या.
मी म्हटलं, मावशी, दुखणं दातात नाही, डोक्यात आहे.
मग ती बोलली नाही.
साखर दाढेखाली धरू लागली, एवढंच.
मार्चमध्ये दुसऱ्या कुणीतरी तो दात काढला
आणि तिने तो बटणांच्या डब्यात टाकला.

डबा आता मावसबहिणीकडे आहे.
मागितला तर देईल.
स्कॅनरमध्ये ठेवायला दोन मिनिटं लागतील.
नदीचं मूळ शोधू नये म्हणतात,
पण मी तर तेवढ्याचाच पगार घेते.
मागितलेला नाही.

खटका. खटका. मागे. पुन्हा खटका.
ओठाकडे एक. आणि जिभेकडे, अगदी पुसट,
पेन्सिल टेकवून उचलावी तसा.
रकान्यात लिहिते, दोन.

मग नियम मोडून जुनी यादी उघडते.
दोनशे सत्त्याऐंशी, माझ्याच हाताने, एक.
होजांचं मी बघत नाही.

नाव खोडलेलं आहे, आणि ते बरोबरच आहे.
पण या बर्फात, याच गावात कुठेतरी
एक बाई कोटाला अस्तर लावून झाल्यावर
कात्री शेजारी असूनही
दोरा तोंडाशी नेत असेल.