तिसरी भेट

फॉर्मवर प्रश्न आहे: किती रात्री झोप नाही?
आक्कालुक हसतो. इलुलिसाटला डिसेंबरात
रात्र मोजायची कुठून?

समुद्र नीट गोठत नाही आता.
स्लेज पडून. मागच्या हिवाळ्यात अकरा कुत्री
मीच, स्वतःच्या हातानं...
आणि तो हातमोजा उलटासुलटा करत बसतो.

मी शिकलेय ते असं: विचार तपासा, खरा आहे का.
हा खरा आहे.
मी पेन खाली ठेवते.

नावं सांगाल त्यांची?

पाचव्या नावाशी आवाज चिरकतो.
सातव्याला चक्क हसू. चोरटं होतं म्हणे,
हॅलिबटची मुंडकी पळवायचं.

वेळ संपते. चार नावं उरलीत.
‘मंगळवारी,’ तो म्हणतो.
दाराशी बूट चढवताना
हलकी शीळ घालतो.
कुणाला, ते मी विचारत नाही.