खो

दोन खांब. एक सागाचा,
दुसरा देवळाच्या जुन्या छपरातून निघालेला,
वाळवीनं अर्धा खाल्लेला, तरी उभा.
मधे चुलीतल्या राखेनं आखलेली रेघ.
नाताळ होऊन महिना झालेला,
शेतातली पऱ्हाटी उपटायची राहिलेली,
आणि बोरखेडीच्या मिशन शाळेच्या आठ पोट्ट्या
एकीआड एक तोंडं फिरवून
उकिडव्या बसलेल्या.

नववी मी. धावणारी.
माझ्याएवढं जोरात गावात
फक्त शमुवेलच्या शेळ्या पळायच्या.

त्या दिवशी मी खो दिलाच नाही.
दारव्ह्याची ती काटकुळी पोरगी
निसटून रेघेपलीकडे गेली,
आणि मला पलीकडे जाता येईना.
नियमच तसा. जिनं पाठलाग धरला
तिनं रेघ ओलांडायची नाही, मागं वळायचं नाही,
खांबाला वळसा घालायचा तेवढा.
मी वळसे घालत राहिले.
मधे सलोमी बसलेली,
जाड, डाव्या पायानं लचकणारी,
माझ्याकडे पाठ, पलीकडे तोंड.
तिच्या पाठीजवळून मी तीनदा गेले.
तिसऱ्या वेळी तिनं मान किंचित वळवली,
जणू दार वाजल्याचा भास झाला.

शिट्टी झाली. हरलो.
फिलेमोन गुरुजी रागावले नाहीत.
टोपी मांडीवर झटकली न् म्हणाले,
"दुसऱ्याच्या कामात खो घालाले सारं गाव तयार रायते व पोरी.
खो देनारं मानूस भेटत नाई."

बाराव्या वर्षी ही नुसती कोटी वाटली.

मग बाबांचं अर्धं अंग गेलं, त्या साली.
नाल्यावरचा पूल वाहून गेलेला,
जीप पलीकडच्या काठावर उभी.
खाट चौघांनी उचलली :
मेश्रामांचे दोघे भाऊ,
कधी चर्चची पायरी न चढलेले गुलाबराव,
आणि तितूस काका.
तितूस काका बुटके.
त्यांच्या कोपऱ्यात खाट कलायची, बाबा घसरायचे.
कुणी कुणाला काही म्हणालं नाही.
बाकीचे तिघे गुडघ्यात वाकले
आणि तसेच वाकून चालले
कमरेएवढ्या पाण्यातून, आख्खा नाला.
मागून मी,
बाबांच्या चपला डोक्यावर धरून.

छप्पर उकलून खाली सोडलेल्या खाटेची गोष्ट
मी लहानपणापासून ऐकत आलेय.
दर वेळी मनात यायचं,
त्या घरवाल्याचं छप्पर नंतर कुणी शाकारून दिलं असेल?
आता वेगळंच दिसतं.
पडलेल्याला प्रभूनं विचारलंच नाही
तुझा विश्वास किती.
वर पाहिलं.
भोकातून डोकावणारी चार घामट तोंडं,
दोरानं सोललेले हात.
तेवढं त्याला पुरलं.

त्यातलाही एखादा बुटका असेल.

मी सकाळी अंगणवाडीत जाते.
तोवर बाबांपाशी सलोमी असते.
तिच्या घरचं तिला थोडं नाही,
तरी येते लचकत, पदराखाली ज्वारीची कण्या घेऊन.
बाबांच्या तोंडाचा जो कोपरा मला अजून बोलत नाही,
तो तिला काय काय सांगतो.
मला त्यांची पाठच दिसत आली,
तिला पलीकडचं दिसतं.

दुपारी मी दारात येते.
ती उठत नाही लगेच, मुद्दाम.
पाठ माझ्याकडे करून बसून राहते.
मी तिच्या पाठीवर हात ठेवते,
हळूच म्हणते, खो.

ती हसत उठते, चप्पल शोधते.
तिच्या बसण्यानं कोमट झालेल्या जागेवर
मी बसते.