रिकामी गिरणी

वृषालीच्या डब्यावर नाव नवऱ्याचं.
फोनचा पासवर्डही त्यानंच घातलेला.
पट्टा फिरायच्या आत व्हिडिओ कॉल:
कुठं हाईस? कॅमेरा फिरव.
ती फिरवते. वजनकाटा. पोत्यावरची मांजर. मी.
मागं कोण हाय?
मागं भिंत.
मग म्हणतो, गिरणीचा आवाज ऐकव,
आणि ती फोन धरते जात्यापाशी.

एकदा पीठ चाळताना म्हणाली,
काकू, त्याच्याकडं मी निळा ठिपका हाय.
ठिपका गल्ली चुकला
की रात्री हिशोब.
बांगड्या सारल्या वर. बघितलं मी.

मंगळवारी फोन तसाच चालू
ज्वारीच्या पोत्यावर ठेवला तिनं,
माझ्याकडं नुसतं बघितलं,
आणि कसबा बावड्याच्या बसनं गेली
कोर्टाकडं.

दळण संपलं.
रिकामी गिरणी चालवू नये, सासरे सांगायचे,
दगड दगडाला खातो.
बटणाला हात लावला नाही मी.
दोन तास
तिकडं तो ऐकत होता,
इकडं ठिपका
अंगावर पीठ घेत गुमान बसलेला.

गुरुवारी जात्याला टाकी लावायला
उत्तरेश्वरातला इलाही आला.
दगडावर बोट फिरवून म्हणाला,
वहिनी, एवढं काय दळलंसा?

काय न्हाई, म्हटलं.