तीनशे शब्दांत

प्रश्न चौथा : आपल्या प्रकल्पाची गरज स्पष्ट करा.
शब्दमर्यादा तीनशे. रकाना कोरा ठेवू नये.

मी चष्मा पुसते, लिहिते :
छप्पर गळतं.
दोन शब्द झाले. उरले दोनशे अठ्ठ्याण्णव.

पाटीच्या दगडाचं गाव आमचं, वेल्सच्या उत्तरेला.
डोंगर पोखरून पोखरून इथल्या माणसांनी
समुद्रापारच्या शहरांची घरं शाकारली,
छातीत धूळ भरून घेतली,
आणि पगाराच्या पाकिटातून एकेक पेनी काढून
बँडसाठी हा हॉल बांधला.
तेव्हा अर्ज नव्हता. एक डबा होता, हातोहात फिरायचा.
खाण बंद झाली. डबा अजून कपाटात आहे,
त्यात सुटी बटणं.

आता सरावाला बसायचं तर आधी बादल्या मांडायच्या.
एक कॉर्नेटवाल्या पोरांच्या मधे,
एक युफोनियमपाशी,
तिसरी थेट इदवालच्या पायाशी.
सत्तर वर्षांचा इदवाल ड्रम वाजवतो. म्हणतो,
बादली माझ्यापेक्षा ताल बरा धरते.

प्रश्न सहावा : प्रकल्पातील नावीन्य.

काय सांगू? सराव मंगळवारी,
एकशे नऊ वर्षं मंगळवारीच.
नंतर लीकचं सूप. तेही तेच.
मागच्या साली एका ट्रस्टनं कळवलं होतं,
आपले कार्य स्तुत्य आहे, पण आम्ही नव्यालाच निधी देतो.
त्या दिवशी शिकले,
जुन्या लुगड्याला नवा काठ लावून दाखवावा लागतो.
लिहिते, "आंतरपिढीय सांगीतिक संवाद".
मोठ्यानं वाचते.
इदवाल विचारतो, "ग्वेनलियन, हे कोण नवीन आलंय आपल्यात?"
"तू. तू आणि ती नऊ वर्षांची मार्गेद,
जिला तू काठ्या धरायला शिकवतोस."
"मग तसंच लिही की."
तसं लिहून मिळत नाही रे बाबा.

प्रश्न नववा : लाभार्थी. फक्त अंकांत.
वाजवणारे तेवीस. ऐकणारे, धरा दोनशे.
आणि ट्युडर?
तो वाजवत नाही, बहुधा ऐकतही नाही.
बायको गेल्यापासून दर मंगळवारी येतो,
खुर्च्या मांडतो, खुर्च्या उचलतो,
सूप पितो, वाडगा धुऊन ठेवतो, जातो.
त्याच्यासाठी रकाना नाही.
दोनशे तेवीस खोडते.
दोनशे चोवीस लिहिते.
एवढ्याशा बेरजेला मला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न बारावा : निम्मा खर्च आपण उभा करू शकाल का?

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!
केक विकले, सोडत काढली, चॅपलच्या दाराशी थंडीत उभं राहून वाजवलं,
त्यात ट्रॉम्बोनची एक नळी दुरुस्त झाली.
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात काही छापलंय.
भिंग घेऊन वाचते :
"श्रमरूपातील सहभागही ग्राह्य धरला जाईल."

मागे खुर्च्यांचा आवाज थांबतो.

"कौलं मी काढीन," ट्युडर म्हणतो.
"खाणीच्या ढिगात चांगला दगड पडून आहे अजून.
वडिलांची छिन्नी आहे माझ्याकडे.
फक्त नस सापडायला हवी,
मग पदर आपोआप सुटतात."

दीड वर्षात याच्या तोंडून एवढी वाक्यं
मी तरी ऐकलेली नाहीत.
इदवालच्या काठ्या हातातल्या हातात राहिल्या.

मुदत रात्री बाराला संपते. अकरा वाजून गेलेत.
अर्ज विचारतो, श्रमाचे मूल्य ताशी किती?
मी ट्युडरला विचारते.
तो बराच वेळ छताकडे बघतो.
"सूप तर मिळतंच," म्हणतो.

मी चष्मा पुसते.
फक्त अंकांत, असं लिहिलंय.
बादलीत एक थेंब पडतो, मग एक.